पाण्याखालच्या गावची डबी

माझा नातू अविराज पळायला लागला की मागून मोपेडवर येताना माझ्या गाडीलाच दम लागतो. बारामतीच्या एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात तो कामाला आहे. पाळी सुटली की बाकीची पोरं मोटरसायकलीला किक मारतात, हा बुटाची नाडी आवळतो आणि सांगवीपर्यंत पळत घरी येतो. त्याच्या शेजारच्या यंत्रावरचा संभाजी खोकला लपवत राहिला. क्षय आहे हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून अविराजनं मनावरच घेतलं. चोवीस मार्चला, क्षयरोग दिनाला, सांगवीपासून इंदापूरच्या पलीकडं धरणाच्या पाण्यापर्यंत ऐंशी किलोमीटर पळायचं आणि वाटेतल्या गावांतून खोकणाऱ्यांचे बेडके तपासायला गोळा करायचे.

पळण्याची काळजी नव्हती. बेडका देणार कोण? आशाताई प्रगती महिनाभर डब्या घेऊन दारोदार हिंडली. "आमच्यात कुणी खोकत न्हाय," असं खोकत खोकत सांगून लोकांनी तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग मी एक थाप मारली. माझी पहिली नव्हे. पहिलीचं पुढं येईलच.

शेजारच्या द्वारकाबाईला गाठलं. तिला सकाळी सांगितलेलं संध्याकाळी इंदापुरात ऐकू येतं.

"द्वारकाबाई, पूर्वी साथ आली की मरीआईचा गाडा शिवेपर्यंत ओढत न्यायचे आन् पुढच्या गावाच्या हवाली करायचे. आठवतंय का?"

"न आठवायला काय झालं? माझा सासरा ओढायचा."

"औंदा गाडा म्हंजी माझा नातू. शिवेवर उभं ऱ्हायाचं, डबीत थुंकायचं, डबी त्याच्या हातात द्यायची. त्यानं शिव वलांडली की खोकला गावाभाईर."

"आन् पुढच्या गावाला लागला म्हंजी?"

"पुढं न्यायला त्यो हायच की! धरणाच्या पाण्यापाशी डाक्टरची गाडी थांबणार हाय. पण नियम कडक. शिवेवर उभं ऱ्हाईल त्याला न्हाय म्हणायचं न्हाय. आन् खोकला असून डबी न देणाऱ्याकडं साऱ्या गावांचा खोकला मुक्कामाला येतो."

हे शेवटचं मी तिथल्या तिथं घडवलं. म्हातारीनं डोळे बारीक केले.

"मग तुमची डबी कवा, रावजी? तीन म्हैनं झालं, भिंतीतनं ऐकतीया."

"माझा तंबाखूचा हाय," म्हणालो आणि उठलो.

खरं सांगायचं तर तंबाखू सोडून मला चार वर्षं झाली होती. पण नात राजनंदिनी बाळंतपणाला आली होती आणि तिची सहा महिन्यांची स्वरूपा रोज संध्याकाळी माझ्या मांडीवर, माझी गोष्ट ऐकतच झोपायची. डबी दिली आणि नको ते निघालं, तर मांडी रिकामी होणार. म्हणून मी तोंडावर उपरणं धरून खोकायचो.

फटफटलं तेव्हा अविराज निघाला. मागं मोपेडवर मी आणि माझ्या पुढ्यात डब्यांची पेटी. थाप लागू पडली होती. शिवेशिवेवर माणसं उभी. बायका पदराआडून डबी पुढं करायच्या आणि मरीआईचा गाडा चालल्यासारखे हात जोडायच्या. अविराज हसत डबी घ्यायचा, शिव ओलांडून पेटीत ठेवायचा आणि पुन्हा पळायचा.

सणसर मागं पडलं. ऊस तुटून गेलेला, दोन्हीकडं उघडी रानं, डांबरावर चटका. आणि मला पहिलं पाऊल दिसलं.

अविराजच्या उजव्या अंगाला, डांबरावर. अनवाणी आणि ओलं. त्याच्या पुढं दुसरं, मग तिसरं. माझ्या डोळ्यांदेखत एकेक पाऊल उमटत होतं आणि मागचं वाळून जात होतं. पाय कुठं दिसत नव्हते.

"आबा," अविराज पळता पळता म्हणाला, "उजव्या बाजूनं गार लागतंय. इकडं कॅनॉल हाय का?"

"हाय, हाय," मी म्हणालो. कॅनॉल कुठला? नुसतं ढेकळांचं रान होतं.

इंदापूर गेलं तरी पावलं बरोबरच. तो थांबून पाणी प्यायला की तीही थांबायची आणि तिथं डांबरावर थारोळं साचायचं.

ऊन कलतं झालं तेव्हा धरणाचं पाणी दिसलं. मार्चात पाणी मागं सरतं आणि बुडालेल्या गावांच्या भिंती, पायऱ्या वर येतात. तशाच एका गावाच्या शिवेचा दगड रस्त्याच्या कडेला उघडा पडला होता. पावलं तिथं थांबली. त्या पावलांवर एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, पदरातून पाणी निथळतंय, हातात डबी.

"आमचं गाव ऱ्हायलं की रं," ती अविराजला म्हणाली.

पोरानं दोन्ही हात पुढं करून डबी घेतली. नियमच होता. मग तिनं माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या मोपेडचं इंजिन आपोआप बंद पडलं.

ती जयवंता होती, माझी थोरली बहीण. त्याच गावात दिलेली. खोकला लागला तेव्हा सासरच्यांनी तिला गोठ्यात ठेवलं आणि माझ्या वडलांनी तोंड मिटलं. तिच्या सासरच्या गावानं विचारलं की सांगायचं काम माझं: "अक्का आमच्याकडं आलीया, चांगली गुबगुबीत झालीया!" वीस वर्षांचा होतो. इतकं रंगवून सांगायचो की एकानंही गोठ्यात डोकावून पाहिलं नाही. ती तिथंच गेली. पुढच्या वर्षी गावावर पाणी आलं. ही माझी पहिली थाप.

"रावज्या," ती म्हणाली, "मी अजून गुबगुबीत हाय का रं?"

मी तोंड उघडलं. खोकलाच फुटला, आणि या वेळी उपरणं हाताला सापडलं नाही.

"आबा!" अविराज माझ्याकडं बघतच राहिला. "हे कवापासनं?"

"दे त्याला डबी," जयवंता म्हणाली. "मांडीवरच्या पोरीला गोष्ट द्यायची. दुसरं काय न्हाय द्यायचं."

पोरानं पेटीतली कोरी डबी माझ्यापुढं धरली. मी थुंकलो आणि झाकण लावलं. मान वर केली तर दगडापाशी नुसता चिखल, आणि पाण्याकडं गेलेली पावलं.

डॉक्टरांच्या गाडीपाशी प्रगतीनं यादी लावली. माझ्यासकट बासष्ट नावं, डब्या त्रेसष्ट. जास्तीच्या डबीत स्वच्छ पाणी आणि त्यात नखाएवढी जिवंत मासळी. डॉक्टर माझ्यावरच डाफरले, "आजोबा, चेष्टेला दुसरी जागा मिळाली नाही का?" माझी ख्याती त्यांच्यापर्यंत पोचली होती.

माझ्या डबीत नको तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या. स्वरूपाला तपासलं, ती ठणठणीत निघाली. पहिले काही आठवडे मी खिडकीबाहेर बसून गोष्ट सांगायचो आणि ती आतून गजांवर हात आपटायची.

सहा महिन्यांनी शेवटची गोळी घेतली, त्या सकाळी उंबऱ्यापासून अंगणात ओली पावलं उमटलेली दिसली. पाऊस नव्हता, सडा अजून टाकायचा होता. पावलं बाहेर जाणारी होती, शिवेकडं. स्वरूपा रांगत गेली आणि वाळायच्या आत एकेका पावलावर हात टेकत बसली. मी तिला उचललं, मांडीवर घेतलं आणि जयवंताची गोष्ट सांगितली. या वेळी गोठ्यासकट.