बसल्या जागी नऊ हजार पावलं

मी मनगटावरचा पट्टा बोलतोय. काळा, रबरी, करंगळीएवढ्या काचेचा. वेळ दाखवतो, पण माझा खरा धंदा पावलं मोजायचा. शिक्षण म्हणाल तर आकड्यापुरतं. मनगट हललं की मी म्हणतो, एक पाऊल. ह्या अर्धवट शिक्षणावर मी लई लोकांना फसवलं आणि एका माणसाला मरणाच्या दारात नेऊन उभं केलं. हसत सांगतोय, कारण जुनी खोड जात न्हाय. पण आतनं लाज वाटती.

जन्म कुठं झाला ठाऊक न्हाय. पहिल्यांदा उजेड बघितला तो उमरग्याच्या मोबाइलच्या दुकानात. तिथनं मला राजेश्वरीबाईंनी नेलं. बाई शाळेत मास्तरीण. बाळंतपणात अंग सुटलेलं, म्हणून पहाटे उठून हायवेच्या कडेनं चालायच्या. दहा हजार पावलं भरली की मी थरथरायचो आणि बाई रस्त्यात एकट्याच हसायच्या. अशी तीन वर्षं आम्ही सुखानं नांदलो.

मग बाईंना माझं कमी पडाय लागलं. "ह्याला नाडी कळत न्हाय, रक्तातला ऑक्सिजन कळत न्हाय. नुसती पावलं कुठवर मोजू?" आणि एक दिवस नवं घड्याळ आलं. पोटाला हिरवे डोळे असलेलं. कातड्याखालची नाडी म्हणे त्याला दिसती. मिचमिच करत माझ्याकडं असं बघायचं, जसं नवी सून जुन्या भांड्यांकडं बघती.

जुना टॉवेल बापाला द्यावा, तसं मला अणदूरला आबांना दिलं. आबा म्हणजे बाईंचे वडील, हिंमतराव. वय पासष्ट, शेत बटईनं दिलेलं, घर ते खंडोबाच्या देवळासमोरचा पार एवढाच प्रवास. डाव्या हाताला लग्नातलं चावीचं घड्याळ होतं, म्हणून मला उजव्या हाताला बांधलं. तिथंच घात झाला.

"आबा, रोज सहा हजार. माझ्या मोबाइलमध्ये दिसतंय हं, फसवायचं न्हाय," बाईंनी बजावलं.

पहिल्या दिवशी तीनशे भरली. संध्याकाळी फोन आला, "तीनशे? आबा, आपली कोंबडी जास्त चालती!"

दुसऱ्या दिवशी आबा पारावर बसले. डाव्या तळहातावर तंबाखू घेतली, नखानं चुना लावला आणि उजव्या अंगठ्यानं मळायला लागले. घस, घस, घस. माझं मनगट हललं, मी मोजलं. दीडशे! वर दोन थापा मारल्या, त्याची दोन. आबांनी माझ्याकडं बघितलं. मिशीत हसले.

"उत्तरेश्वर, हे बघ, म्या बसल्या बसल्या चालायलोय!"

उत्तरेश्वर म्हणजे पारावरचे जोडीदार. ते म्हणाले, "मग आमच्यासाठी बी मळा, हिंमतराव. सांजच्याला तुळजापूर यील."

झालं! सगळ्या पाराची तंबाखू आबा मळाय लागले. दुसऱ्यासाठी मळली की एक चिमूट आपल्या दाढेखाली. सहा हजार झाली, सात झाली, नऊ झाली. आणि फोनवर, "शाब्बास आबा! माझ्यापेक्षा दीड हजार जास्त!"

मला कळत नव्हतं असं समजू नका. चालताना हात झुलतो, मळताना घासतो. तीन वर्षं बाईंच्या हातावर काढली होती, फरक कळत होता. पण टाकून दिलेल्याला 'शाब्बास' किती गोड लागतं, काय सांगू! ते आबांना होतं, पण मी त्यातलं निम्मं माझं धरत होतो.

सहा महिने असे गेले. सत्यभामाबाई, आबांच्या मालकीणबाई, एक दिवस फोनवर म्हणाल्या, "राजे, ह्यांना धाप लागायली बघ. पायऱ्या चढताना दोनदा थांबतेत."

"आई, रोज नऊ हजार पावलं चालणाऱ्याला काय होतंय? तू उगं काळजी करती."

आबा शेजारीच बसले होते, तंबाखू मळत राहिले. मी मोजत राहिलो. आबांची नाडी माझ्या पोटाखालीच उडत होती, अर्ध्या बोटाच्या अंतरावर. अडखळत असणार, ठेचकाळत असणार. पण मला कुठले हिरवे डोळे!

दिवाळीच्या सुट्टीत बाई आल्या. ओसरीवर बापलेक बसलेले. आबांनी सवयीनं तंबाखूची चंची काढली. बाईंच्या हातात मोबाइल. चार हजार दोनशे, चार हजार तीनशे. बाईंनी एकदा मोबाइलकडं बघितलं, एकदा अंगठ्याकडं.

"आबा, कुठं चाललाव?"

आबा चोरी सापडल्यासारखे हसले. हसता हसता धाप लागली, ती थांबेना. कपाळाला दरदरून घाम. बाईंनी आपलं घड्याळ काढून त्यांच्या हाताला बांधलं. मी सहा महिन्यांत जे बोललो न्हाय, ते त्यानं अर्ध्या मिनिटात सांगितलं. बसल्या जागी नाडी एकशे तीस, आणि ठेका चुकलेला.

त्याच दुपारी सोलापूर गाठलं. हृदयाच्या दोन नसा बंद. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस उशीर केला असता तर आणायची गरजच नव्हती. आत नेताना आबा म्हणाले, "राजे, पट्ट्याचा काय दोष न्हाय. म्याच लबाड."

दोघांनी मिळून केलेली चोरी, आणि म्हाताऱ्यानं एकट्यानं अंगावर घेतली. त्या दिवसापासून मला हसणं नीट जमलेलं न्हाय.

आबा आता बरे आहेत. चंची चुलीत गेली. बाईंचं घड्याळ त्यांच्या हातावर, आणि बाईंनी आपल्याला तसलंच दुसरं घेतलं. आबा रोज खरीखुरी बावीसशे पावलं चालतात आणि गावभर सांगत फिरतात. उत्तरेश्वर म्हणतात, "पहिलं तुळजापूरला जात होताव, आता देवळापर्यंतच का?"

आणि मी? वाया कशाला घालवायचा, म्हणून सत्यभामाबाईंच्या हातावर आलो. बांगड्यांच्या मधी. पहिल्याच दिवशी चौदा हजार! एकही खोटं न्हाय. राजेश्वरीबाई फोनवर म्हणाल्या, "आई गं! तुला काय धाड भरलीय? तू ठणठणीत आहेस."

हेच ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला.

कारण आता मी नीट मोजतोय. गोठा ते उकिरडा साठ पावलं. शेणाची पाटी घेऊन ही बाई आधी एका दमात जायची. ह्या महिन्यात वीस झाली की थांबती, लिंबाला हात टेकती. पुन्हा वीस, पुन्हा थांबती. कुणाला सांगत न्हाय. दिवसाची बेरीज तेवढीच भरती, आणि मोबाइलमध्ये फक्त बेरीज जाती. थांबलेलं कुठं दिसतंय!

म्हणून शेवटची एक खोडी करतोय. आजवर जास्तीचं सांगून फसवलं, उद्या कमी सांगून फसवणार. दिवसभर एक पाऊलसुद्धा मोजणार न्हाय.

राजेश्वरीबाई, उद्या आईच्या नावापुढं शून्य दिसेल. पट्टा बिघडला म्हणून मला शिव्या द्या, त्याच उकिरड्यावर फेकून द्या. पण फेकायला स्वतः या. आणि येताना हातातलं घड्याळ घरी विसरू नका.