दोन लाल दोरे

मी एक जुनं झाकण आहे, मित्रांनो. हसू नका. मोटारीच्या बॉनेटखाली स्टेअरिंग ऑइलची लहानशी टाकी असते, तिच्यावर मी बसायचो. माझ्या खाली बोटभर पट्टी आणि पट्टीवर दोन रेघा. तेल त्या रेघांच्या मध्ये असलं की सगळं ठीक. कोणतं तेल घालायचं, तेही माझ्या माथ्यावर कोरलेलं आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं सोलापुरात, हिंदुरावांच्या दारात. त्यांनी तीस वर्षं जड स्टेअरिंगचा ट्रक ओढला होता आणि त्यातच उजवा खांदा निकामी झाला होता. आमचं स्टेअरिंग मात्र दोन बोटांनी फिरे. म्हणून तर दर रविवारी ते पत्नीला, मुक्ताबाईंना, दुधनीला नेऊ शकत. तिथे मुक्ताबाईंची थोरली बहीण महादेवी अंथरुणाला खिळली होती. तिच्या केसांना तेल लावून वेणी घालायला मुक्ताबाईच लागत. दुसऱ्या कुणाला ती डोक्याला हात लावू देत नसे.

निघण्याआधी हिंदुराव इंजिन थोडं गरम करून बंद करत, मला काढून फडक्याने पुसत आणि पुन्हा बुडवून पाहत. लाल, स्वच्छ थेंब दिसला की म्हणत, "शाब्बास!" माझी छाती फुगायची. बाटलीवरचं नाव माझ्या अक्षरांशी ताडल्याशिवाय त्यांनी कधी थेंबभरही तेल घातलं नाही.

पुढे त्यांना बारीक अक्षर दिसेना. मग त्यांनी माझ्या तेलाच्या बाटलीला लाल दोरा बांधला. फळीवर शेजारीच ब्रेक ऑइलची तशीच बाटली होती, ती बिनदोऱ्याची. युक्ती चांगली होती, पण त्या दिवसापासून वाचणं बंद झालं.

खंडेनवमी आली. मुक्ताबाईंनी जॅक, पाने, बाटल्या, सगळं पुसून पूजेला मांडलं. एका बाटलीला दोरा आणि दुसरी बिचारी तशीच! त्यांनी मायेने तिलाही लाल दोरा बांधला.

पुढच्या रविवारी तेल खालच्या रेघेला टेकलं होतं.

"दोऱ्याची बाटली आण गं," हिंदुराव म्हणाले.

"ही घ्या, आणली की."

चष्मा घरातच होता. त्यांनी दोरा पाहिला आणि बाटलीतलं तेल ओतलं. मला ओरडता आलं असतं तर! ब्रेक ऑइल आमच्या रबरांना सोसत नाही. ती फुगली, मऊ पडली, तेल झिरपू लागलं. तेल कमी झालं की हिंदुराव त्याच बाटलीतून पुन्हा भर घालत. वळताना पंप कण्हायचा. गाडी म्हातारी झाली, असं ते म्हणत.

मग एका सकाळी दुधनीहून फोन आला. महादेवीला धाप लागली होती आणि ती सारखी मुक्ताबाईंना बोलावत होती. दोघं तसेच निघाले. अक्कलकोटच्या पुढे एका वळणावर स्टेअरिंग एकदम जड झालं. हिंदुरावांनी सगळा जोर लावला, तशी खांद्यातून कळ गेली. गाडी कशीबशी कडेला थांबली.

"फिरंना गं. हातच चालंना."

"मग अक्काकडं कसं जायाचं? वाट बगत आसंल की ती!"

दुसरी गाडी मिळेपर्यंत तास गेला. मुक्ताबाई पोचल्या तेव्हा महादेवी गेली होती. केस मोकळेच होते.

नंतर मेकॅनिक राजशेखरने टाकी उघडली, वास घेतला. "काका, ह्यात ब्रेक ऑइल पडलंय की."

हिंदुरावांनी घरून दोन्ही बाटल्या आणल्या. दोन्हींना लाल दोरे होते. सोबत आलेल्या मुक्ताबाईंनी त्यातला एक दोरा बोटांत धरला.

"दुसरा दोरा म्या बांधला व्हो."

"तू पूजा केलीस. नाव वाचायचं काम माजं हुतं. म्या वाचलं न्हाय," हिंदुराव म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

फुगलेली रबरं बदलली, नवी टाकी बसली, नवं झाकण आलं. मला मुक्ताबाईंनी मागून घेतलं. आता मी त्यांच्या फणीच्या डब्यात असतो. मित्रांनो, एवढं ऐका. खुणेवर विसंबू नका. बाटली रोजची असली तरी नाव वाचा, मगच झाकण उघडा.

गाडी आता पुन्हा दोन बोटांनी फिरते. रविवारी सकाळी मुक्ताबाई डबा उघडतात, महादेवीची फणी हातात घेतात. हिंदुराव दारातून विचारतात, "कुटं जायाचं का गं?"

त्या फणी माझ्याशेजारी ठेवून डबा लावतात.