हैदराबादचा सव्वा तास

मी सव्वा तास बोलतोय. कोल्हापूरच्या विमानतळावरून हैदराबादच्या विमानतळाला जायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढाच मी. जरा हळू बोला, मी पटकन दचकतो, आणि या जिल्ह्यात माणसं गुपितसुद्धा ओरडून सांगतात.

माझा जन्म कुठल्याशा गार खोलीतला. कुणीतरी नकाशावरचे दोन ठिपके सरळ रेघेनं जोडले, विमानाच्या वेगाशी हिशेब केला आणि मी झालो. त्या रेघेत उसाचा ट्रॅक्टर नव्हता, फाटक नव्हतं, शेजारी तर नव्हतेच.

इथल्या माणसांनी मला फोनमध्ये पाहिलं आणि डोक्यावर घेतलं. रात्रभराच्या रस्त्यापुढं मी केवढासा. पण ते मला घराच्या उंबऱ्यापासून मोजायला लागले.

कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या मोहसीनभाईंच्या फोनात मी आठवडाभर राहिलो. त्यांचं घरातच चांदीचं काम. त्यांच्या बायकोनं, कुलसुमनं, हैदराबादच्या भाचीसाठी पैंजण घडवून घेतले होते. या भाचीचा, कशिशचा, निकाह निघायच्या दिवशीच संध्याकाळी. पाठवणीआधी पैंजण आपणच आपल्या हातानं घालणार, असा शब्द कुलसुमनं बहिणीला दिलेला.

निघायच्या सकाळी गल्ली दारात गोळा झाली.

"मोहसीनभाई, इमानानं चाललाय व्हय? च्या घेऊन जावा की," शेजारचे गणपतराव म्हणाले.

"उशीर हुईल ओ, काका," कुलसुम म्हणाली.

"सव्वा तासात हैद्राबाद म्हणं. मग कसली घाई? यष्टीनं जाताना बरी च्या पिता."

त्यांचा चहा झाला. मग समोरच्या अंबूबाई रुसतील म्हणून त्यांच्याकडचे पोहे. मोहसीनभाई प्रत्येकाला फोन उघडून माझं तोंड दाखवत होते. पैंजणांचा डबा छातीशी धरून कुलसुम दारात उभी होती, आणि पडद्यावर मी घामाघूम.

विमानतळावर काउंटर बंद झालेलं.

"मॅडम, इमान तर हितंच हाय की," मोहसीनभाई काचेतून बोट दाखवत म्हणाले. "डायवरला जरा थांबा म्हणा."

"काउंटर तासभर आधी बंद होतं, सर."

"त्या आदल्या तासाचं आमाला कोण बोललंच न्हाय."

मी काय करणार? वेळेवर उडालो, वेळेवर उतरलो, दोन रिकाम्या खुर्च्या घेऊन. ती दोघं भाड्याच्या गाडीनं पोचली, तोवर पाठवणी होऊन गेली होती.

दुसऱ्या दिवशी वलीम्याच्या जेवणाला, सासरच्या परक्या बायकांत खाली बसून, कुलसुमनं भाचीच्या पायात पैंजण घातले.

"खाला, मी तुमची किती वाट बघितली," कशिश म्हणाली.

 पैंजणाची कडी बसली होती, तरी कुलसुम ती दाबतच राहिली.

पलीकडं मोहसीनभाई बिर्याणी खाता खाता कशिशच्या सासऱ्यांना आग्रह करत होते, एकदा हुपरीला याच, लांब कुठाय, सव्वा तासाची तर वाट. आणि फोन काढून त्यांनी मला पुढं केलं.

सासरे मला निरखून बघतायत. खूश दिसतायत. पावणं, हात जोडतो, माझ्याआधी माणसाला घरातनं निघावं लागतं, एवढं त्यांना कुणीतरी सांगा.