पाच आणि नऊमधली रेघ

मी एक आलेख आहे. आलेख म्हटल्यावर तापाचा चढ-उतार दाखवणारा तक्ता तुमच्या डोळ्यांसमोर आला असेल, तर तो मी नव्हे. मी म्हणजे अकरा ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या बावीस रेघा. ठिपके कुठेही काढा, रेघा सरळ ओढा नाहीतर वाकड्या, मला फरक पडत नाही. कोण कोणाशी जोडलेलं आहे, एवढंच माझं अस्तित्व. त्यातली एक रेघ गेली की मी लंगडा होत नाही, मी मीच राहत नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढच्या प्रकाराची मला अजून शिसारी येते.

माझा जन्म बुडापेस्टमधल्या एका गरम पाण्याच्या स्नानगृहात झाला. गणित विभागात संशोधन करणारी पिरोश्का दर रविवारी आईला घेऊन तिथे यायची. आई गळ्यापर्यंत पाण्यात बसून शेजारणींशी गप्पा छाटत होती आणि ही वाफेने धूसर झालेल्या काचेवर बोटाने ठिपके काढत होती. एकवीस रेघा झाल्या, ती थांबली. मग पाच नंबरच्या ठिपक्यापासून नऊ नंबरपर्यंत तिने बोट ओढलं आणि किंचाळलीच.

"काय गं पिरी, पाय घसरला?" आईने विचारलं.

"नाही. तिहामेर बाची चुकलेत!"

"मग त्यात किंचाळायचं काय? तो टॉवेल दे इकडे."

पिरोश्काने ओल्या अंगाने पळत जाऊन मला कपडे ठेवायच्या कपाटाच्या पावतीच्या मागच्या बाजूला उतरवून घेतलं. गंधकाचा वास आणि ओल्या चपलांचा ढीग, हे माझं बाळंतघर. तेव्हा मला त्याची घाण वाटली होती. खरी घाण अजून पाहायची होती.

बाची म्हणजे काका. प्राध्यापक तिहामेर बाच्काईंना शिपायापासून डीनबाईंपर्यंत सगळे बाचीच म्हणत. तीस वर्षांपूर्वी त्यांनी एक प्रमेय मांडलं होतं. ज्या आलेखात शुद्ध पंचकोन नाही, त्याचे ठिपके तीन रंगांत असे रंगवता येतात की जोडलेल्या दोघांना एकच रंग कधी येत नाही. आणखी दोन-तीन अटी होत्या, त्या सांगून तुमचं डोकं उठवत नाही. त्या सगळ्या मी पाळतो. माझ्यात शुद्ध पंचकोन नाही, तरी मला चार रंग लागतात. म्हणजे मी आहे, तर बाचींचं प्रमेय नाही.

शुद्ध म्हणजे काय, ते मात्र ऐका. माझ्यातले हवे ते ठिपके तुम्ही उचला, त्या तुकड्याला उपआलेख म्हणतात. पण तो शुद्ध हवा असेल, तर उचललेल्या ठिपक्यांच्या आपसातल्या सगळ्या रेघा सोबत घ्याव्या लागतात. लग्नाला दोन्ही आत्यांना बोलावलं की त्यांचं भांडणही मांडवात येणार, ते घरी ठेवून या असं पत्रिकेत छापता येत नाही. माझे दोन, पाच, सात, नऊ आणि अकरा नंबरचे ठिपके घेतलेत तर पंचकोन दिसतो खरा. पण पाच आणि नऊमध्ये आडवी रेघ आहे, म्हणून तो शुद्ध नाही.

सोमवारी पिरोश्काने मला बाचींच्या खोलीतल्या हिरव्या फळ्यावर काढलं. बाची लोणी लावलेली खारी बिस्किटं खात होते. त्याच तेलकट बोटांनी त्यांनी तीन रंगांचे खडू घेतले आणि मला रंगवायला बसले. दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदाही नाही. अर्धा तास ते माझ्याकडे नुसते बघत होते. तेवढा अर्धा तास मला त्यांच्याबद्दल आदर वाटला, खोटं कशाला बोलू? मग ते हसले.

"हा काय पंचकोन! दोन, पाच, सात, नऊ, अकरा."

"पण बाची, पाच आणि नऊ जोडलेत."

"उपआलेख घेताना रेघ सोडता येते की."

"साध्या उपआलेखात. तुमच्या प्रमेयात शुद्ध म्हटलंय. हा फरक तुम्हीच शिकवलात आम्हाला, पहिल्या वर्षाला. माझा चुकला तेव्हा खडू फेकून मारला होता."

"लागला होता?"

"कपाळाला."

"मग नीट शिकवलं म्हणायचं." बाची उठले, बादलीतला ओला स्पंज घेतला आणि माझी पाच-नऊ पुसून टाकली. "झाला बघ शुद्ध. पुढच्या महिन्यात माझी सत्तरी आहे, पोरी. गौरवग्रंथात हे चित्र असंच दे. पंचकोन आला की चार रंग लागू शकतात, याचं सुंदर उदाहरण! आणि विभागातली ती रिकामी जागा… निवड समितीवर मीच आहे, माहीत आहे ना?"

न कळणाऱ्याचा मला राग येत नाही. या माणसाला सगळं कळलं होतं.

पिरोश्काच्या हातात खडू होता. एक रेघ, दोन सेकंदांचं काम. तिने खडू खाली ठेवला, हात स्कर्टला पुसले आणि म्हणाली, "बरं."

घरी जाऊन तिने मला गौरवग्रंथासाठी स्वतःच्या हाताने काढलं. रेघा एकवीस. म्हाताऱ्याने निदान पुसण्याचे कष्ट घेतले होते. हिने, मला जन्म देणारीने, ती ओढलीच नाही. मला दोघांचाही वीट आला, पण जास्त तिचा.

सत्तरीला केक सांगायचं काम तिच्याकडेच होतं. केकवाल्या बाईला तिने नमुना म्हणून ती जुनी पावती दिली. चुकून की मुद्दाम, मला अजून कळलेलं नाही. केक आला तेव्हा मी त्यावर पुरता होतो, अकरा चेरी आणि चॉकलेटच्या बावीस रेघा. देशभरातले गणिती भोवती जमले होते. मला वाटलं, आता कुणीतरी मोजेल.

बाचींनी मोजलं. "बाईला मोजता येत नाही वाटतं, एक रेघ जास्तीची आहे," ते म्हणाले. सुरीच्या टोकाने त्यांनी पाच-नऊ खरवडली, सुरी चाटली, मग बोटही चाटलं. मिशीला क्रीम लागलं होतं. सगळे खो-खो हसले, टाळ्या पडल्या. सात नंबरची चेरी डीनबाईंनी खाल्ली. पिरोश्का टाळ्या वाजवत होती, आणि इतरांचे हात थांबल्यावरही वाजवत होती.

जागा तिला मिळाली. आता ती पहिल्या वर्षाला शुद्ध उपआलेख शिकवते आणि उदाहरण म्हणून मलाच काढते, एकवीस रेघांचा. मुलं मला मुकाट्याने वहीत उतरवून घेतात. गौरवग्रंथात मी दोनशे चौदाव्या पानावर आहे, रंगीत, खाली तिचं नाव.

ते पुस्तक कधी तुमच्या हाती आलंच, तर पेन्सिल घ्या आणि पाचपासून नऊपर्यंत एक रेघ ओढा. ग्रंथालयाचं पुस्तक खराब होईल म्हणून कचरू नका. ते खराबच आहे.