माझ्या घशातला राक्षस

मी तांबी बोलतेय. पेठजवळच्या पाड्यावरची, नवसाबाईची शेळी. आता बोलायला हरकत नाही, म्हणून बोलतेय.

जन्मापासून माझा आवाज घोगरा. मी तोंड उघडलं की कोंबड्या खुराड्यात पळायच्या. शेजारी म्हणायचे, विकून टाक हिला. नवसाबाई म्हणायची, दूध काय घोगरं निघतं होय?

एकदा नाशकाहून वेदिका नावाची मुलगी आली. संगणकावरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत ती आवाज जमवायचं काम करी. ओढ्याची खळखळ टिपत होती, तेवढ्यात मी मागून ओरडले. ती दचकून ओढ्यातच बसली आणि उठली ती हसतच. त्यांच्या नव्या खेळातल्या राक्षसाला आवाज सापडत नव्हता म्हणे. दिवसभर तिनं मला माइकपुढे ओरडायला लावलं. मग माझाच आवाज जड, संथ करून लॅपटॉपवरच्या अर्धवट राक्षसाच्या तोंडून ऐकवला, तेव्हा मी घाबरून नवसाबाईच्या मागे लपले.

जाताना तिनं विनवलं, की खेळ बाजारात येईपर्यंत हे कुणाला सांगू नका. कंपनीतली माणसं वर्षानुवर्षं राबताहेत, राक्षसाला अजून शेपूटही बसलेलं नाही. नवसाबाईनं शब्द दिला.

पण ते गुपित तिच्या पोटात राहीना. पाणवठ्यावर बायका जमल्या की तिला हसू फुटे. पदर तोंडात कोंबून ती घरी पळत येई आणि सगळं मलाच सांगे.

इकडे तिच्या भाच्यानं, धनराजनं, कुडाआडून सगळं मोबाइलवर टिपलं होतं. लॅपटॉपवरचा राक्षससुद्धा. कॉलेजात शिकणारा धनराज संगणकावरच्या खेळांच्या बातम्यांचा चॅनल चालवायचा, बघणारे जेमतेम. हा व्हिडिओ टाकला की त्याचं नाव होणार होतं. लोकांना चार दिवस आधी कळलं तर कुणाचं काय बिघडतं, असं त्याचं म्हणणं.

नवसाबाईनं व्हिडिओ पाहिला. बिनशेपटीचा राक्षस पाहून ती खो खो हसली आणि मधेच तिनं मोबाइल पालथा ठेवला.

"बघ, मी हसले," ती म्हणाली. "समदेच हसतील. त्या पोरीनं अजून पुरा केला नाय त्याला."

"पण मावशी, आवाज तर आपल्या तांबीचा ना?"

"आवाज आपला हाय. गुपित तिचं हाय. ते वाटायला आपण कोण?"

धनराज रुसला. जेवलाही नाही. शेवटी माझ्याजवळ येऊन बसला आणि माझ्यादेखत व्हिडिओ पुसून टाकला. मी त्याची बाही चघळली. आमच्यात त्याला शाबासकी म्हणतात.

आता गुपितानं पोट फुगलेले दोघे झाले. पेठच्या बाजारात नुसती नजरानजर झाली तरी खिदळत सुटायचे. लोकांना वाटे, यांना कुणीतरी काहीतरी खाऊ घातलंय.

खेळ आला त्या दिवशी वेदिका स्वतः लॅपटॉप घेऊन आली. सगळा पाडा अंगणात जमला. राक्षसानं शेपूट आपटलं, जबडा उघडला आणि माझा आवाज घुमला. शेजारचे म्हातारे पुंजाबाबा खाटेवरून खाली आले, निम्मा पाडा पळाला. नवसाबाई ताडकन उभी राहिली आणि इतके दिवस दाबलेलं एका दमात बोलून गेली, "ही माझी तांबी वरडती!" धनराज तर टाळ्या पिटत नाचायलाच लागला. मग मीही ओरडले, आणि उरलेसुरले लोकही पळाले.

हल्ली पोरं पाला आणून मला ओरडायला लावतात. तुम्हीही या. खेळात मी भेटले तर लगेच बाण मारू नका, एवढंच सांगणं.

आणि परवा वेदिका माइक घेऊन पुन्हा का आली होती, ते विचारू नका. पाला कितीही घाला, मी नुसती रवंथ करत बसेन.