गाणं भरून राह्यलो

मी कॅसेट बोलतेय, साठ मिनिटांची. रिसोडकडच्या मालेगावला लिलाबाईच्या घरी बिस्किटांच्या डब्यात राहते. माझ्यात एक मेलेला माणूस बोलतो. भिऊ नका, तो दोनच वाक्यं बोलतो.

तो लिलाबाईचा मुलगा, सतीश. पुण्याला शिकताना त्याला गॉथ गाण्यांचं वेड लागलं. विलायतेची गाणी ती. ढोल संथ, गिटार जड, अन् गाणारा विहिरीतून बोलल्यासारखा. सतीश काळा शर्ट घालून गावी आला. विहारात वंदनेला सगळे पांढऱ्यात, हा एकटा काळा! बाया हसल्या. तो म्हणायचा, कपडे मागून आले, आधी गाणी आली. ज्यांना ती आपली वाटली, ते एकमेकांना सापडले.

मित्राची कॅसेट त्यानं दोन दिवसांसाठी आणली होती. ती माझ्यात भरून घ्यायला दोन टेप समोरासमोर ठेवले. कोणी बोलायचं नाही, अशी घरात ताकीद दिली. तिसऱ्या गाण्यात लिलाबाई आत आलीच.

"भाकर खातं का रे?"

"माय, टोकू नको न. गाणं भरून राह्यलो."

तेही माझ्यात भरलं गेलं. सतीश दिवसभर चिडला होता. त्याच हिवाळ्यात रिसोड रोडवर त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला अन् तो गेला.

लिलाबाईला त्या गाण्यातलं अक्षर कळत नाही. तरी इतकी वर्षं ती तेवढीच जागा मागेपुढे करून ऐकत आली. माझी फीत तिथंच झिजली. बाई गं, मायेनंही झिजायला होतं.

आता सतीशची भाची निता काळी नखं अन् जाड काजळ मिरवते. तिला गॉथ मोबाइलवर सापडलं. आधी फोटो, मग कपडे, अन् गाणं सगळ्यात शेवटी, तेही तुकड्यातुकड्यानं. माझ्यावर मामाचं अक्षर पाहून ती हरखली. तिनं तेच गाणं मोबाइलवर शोधून आजीला ऐकवलं. एकदम साफ आहे म्हणाली. लिलाबाई कान देऊन बसली. ती जागा आली अन् निघून गेली.

"याच्यात सतीश कुठी हाय?" तिनं विचारलं.

निताचं तोंड उतरलं. ती मला घेऊन रिसोडच्या गफ्फारभाईंकडे गेली. त्यांचा जन्म टेप दुरुस्त करण्यात गेलेला. मला उघडून पाहत ते म्हणाले, एकदाच चालेल, मग भरवसा नाही.

म्हणून घरी येऊन निताने टेपसमोर मोबाइल ठेवला अन् सगळ्यांना गप्प बसवलं. पहिल्यांदाच ती एकेक गाणं पुरतं ऐकत होती. माझा जीव मुठीत होता. तिसरं गाणं लागलं. सतीश बोलला. अन् लिलाबाईला राहवलं नाही.

"भर बाबू, भर. नाही टोकत."

तेही मोबाइलमध्ये भरलं गेलं. लगेच माझी फीत तुटली.

आता मी मुकी आहे. माझं एकच मागणं आहे, मला फेकू नका. लिलाबाई अजून माझ्या डब्याचं झाकण काढून बसते, अन् तेवढा वेळ घरात कोणाला बोलू देत नाही.