टेबलाच्या अलीकडे

“काका, पाहुण्यांच्या छातीत धडधडलं नाही, तर धंदा सोडीन!”

समोर सोफ्यावर बसलेल्या तरुणाने घरातसुद्धा काळा चष्मा काढला नव्हता. डीजेकाकांनी त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि शांतपणे विचारलं, “जावयाची आजी ब्याऐंशी वर्षांची आहे. तिची छाती तशीही धडधडत असते. तिचं काय करशील?”

“त्यांना लांब बसवू.”

“किती लांब?”

तरुणाने जरा विचार केला. “घरी,” तो म्हणाला.

आतल्या खोलीतून खुदकन हसण्याचा आवाज आला. तो काकूंचा होता. तरुणाला जिन्यापर्यंत सोडून काका परत आले आणि वहीतल्या पहिल्या नावावर त्यांनी फुली मारली.

एकतीस वर्षं लोकांच्या लग्नांच्या स्वागत समारंभात गाणी वाजवणाऱ्या माणसावर स्वतःच्या मुलीसाठी डीजे शोधण्याची वेळ आली होती. आचाऱ्याने स्वतःच्या घरच्या कार्याला दुसऱ्याकडून जेवण मागवावं, तसलाच हा प्रकार. पण मुलीने अटच घातली होती. लग्न ठरलं त्या दिवशीच तिने बापाला समोर बसवून सांगितलं होतं.

“बाबा, माझ्या प्रत्येक वाढदिवसाला तुम्ही स्पीकरमागे होतात. शाळेत मी गायले, तेव्हा सगळ्यांचे बाबा आपापल्या पोरांकडे बघत होते आणि तुम्ही मशीनच्या काट्याकडे बघत होतात.”

“अगं, माइक शिट्टी मारत होता!”

“मारू दे की! ते काही नाही. माझ्या लग्नात तुम्ही टेबलाच्या अलीकडे बसायचं. माणसांत. पलीकडे दिसलात तर मी स्टेजवरून उतरून सरळ घरी येईन. वचन द्या.”

काकांनी वचन दिलं. देताना सोपं वाटलं होतं.

दुसरा उमेदवार सभ्य होता. इस्त्रीचा शर्ट, पातळसा लॅपटॉप. त्याने तो उघडून काकांपुढे सरकवला. “मला काही करावंच लागत नाही, सर. पुढचं गाणं कुठलं ते मशीनच ठरवतं.”

“मग त्यालाच पाठवायचं ना,” काका म्हणाले, “तुम्ही कशाला तीन जिने चढलात?”

“अहो, अशाने तुम्हाला जन्मात कुणी पसंत पडणार नाही,” तो गेल्यावर काकू म्हणाल्या. “जावई शोधताना इतकी चिकित्सा केली नाहीत.”

“जावई तिने शोधला. आणि जावई चुकला तरी हळूहळू सुधारतो. समारंभात चुकीचं गाणं लागलं की लागलं.”

काकू एका शाळेत ग्रंथपाल होत्या. मुलांना गप्प बसवण्यात त्यांची हयात गेली होती आणि नवऱ्याची माणसांना नाचवण्यात. आपल्या घरात सगळा आवाज एकाच्या वाट्याला आणि सगळी शांतता दुसऱ्याच्या वाट्याला आली आहे, असं मुलगी नेहमी म्हणायची.

तिसरी आली ती पस्तिशीची एक बाई. दिवसा रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त करायची, सुट्टीच्या दिवशी समारंभ घ्यायची. तिने आल्याआल्या हॉलची लांबी-रुंदी विचारली. म्हातारी माणसं कुठे बसणार, लहान मुलं कुठे झोपणार, स्टेजमागे भिंत आहे की पडदा, हेही विचारलं. काका ताठ बसून उत्तरं देत होते. तिच्यात खोट काढायला ते टपले होते, पण ती काही हाती लागेना.

“आता शेवटचं,” ती वहीवर पेन टेकवून म्हणाली. “कुठलं गाणं वाजवायचं नाही?”

काका तिच्याकडे बघतच राहिले. तो त्यांचा प्रश्न होता. या धंद्यात सगळे विचारतात, काय वाजवायचं? काकांनी मात्र पहिल्या वर्षीच ओळखलं होतं की प्रत्येक घरात एक नको असलेलं गाणं असतं. कुठे ते गेलेल्या भावाचं आवडतं असतं. कुठे आधी मोडलेल्या लग्नाची आठवण त्याला चिकटलेली असते. घरातलं कुणीतरी एकजण हळूच कोपऱ्यात येऊन ते सांगतं, काका एका चिठ्ठीवर लिहून घेतात, खिशात ठेवतात आणि समारंभ संपला की फाडून टाकतात. ते कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

“हे तुम्हाला कुणी शिकवलं?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच. माझ्या ताईच्या लग्नात तुम्ही होतात. माझ्या आईला विचारलं होतंत. मी तिथेच खुर्चीमागे खेळत होते.”

“मग? काय सांगितलं होतं आईनं?”

“ते सांगायचं नसतं ना, काका.”

काकांचा चेहरा असा खुलला की काकूंनी आतूनच ओळखलं, नेमणूक झाली. त्या चहा घेऊन बाहेर आल्या.

“आमच्याकडे असं काही गाणं नाही,” काका ऐटीत म्हणाले. “आमच्या घरात सगळी गाणी चालतात.”

“आहे,” काकू म्हणाल्या.

त्यांनी ट्रे खाली ठेवला, त्या बाईच्या वहीतला एक कागद मागून घेतला, खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहून काहीतरी लिहिलं आणि चौघडी घालून तो तिच्या हातात दिला. एका गाण्याच्या नावाला लागावा त्यापेक्षा बराच जास्त वेळ त्या लिहीत होत्या. बाईने तिथेच चिठ्ठी वाचली, एकदा काकूंकडे बघितलं आणि ती पर्समध्ये ठेवली.

“काय लिहिलंस गं?” ती गेल्यावर काकांनी विचारलं.

“ते सांगायचं नसतं,” काकू म्हणाल्या आणि कप विसळायला निघून गेल्या.

झालं! पुढचे वीस दिवस काकांना अन्न गोड लागेना. भांडी पुसताना ते एकेक जुनं गाणं गुणगुणायचे आणि चोरून बायकोच्या चेहऱ्याकडे बघायचे. चेहरा कसला, ‘शांतता राखा’ची पाटी! मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, “मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं.” एकदा तर त्यांनी त्या डीजेबाईला फोन करून सहज विचारल्यासारखं विचारलं. “काका, तुमचाच नियम आहे,” असं म्हणून तिने फोन ठेवून दिला. एकतीस वर्षं दुसऱ्यांची गुपितं खिशात घेऊन फिरलेल्या माणसाला आपल्याच घरातलं गुपित कळत नव्हतं.

खरं सांगायचं तर त्यांना एका गाण्याची भीती वाटत होती.

त्यांच्या स्वतःच्या लग्नातली गोष्ट. तेव्हा ते एका कचेरीत कारकून होते. समारंभाला भाड्याने टेपरेकॉर्डर आणला होता. नवराबायकोने पहिल्यांदा सगळ्यांसमोर नाचायचं म्हणून काकूंनी एक गाणं निवडलं होतं. दोघं मध्ये उभी राहिली, गाणं सुरू झालं, आणि बरोबर मध्यावर टेपने कॅसेट खाल्ली. भाड्याचा माणूस जेवायला बसला होता. “एक मिनिट हं,” असं म्हणून नवरदेव टेबलाखाली शिरला. पेन्सिल घालून फीत गुंडाळली, दुसरी कॅसेट लावली, मग आवाज फाटायला लागला, मग फ्यूज गेला. पोराचा हात चांगला आहे, असं सगळे म्हणाले. त्याच आठवड्यात दोन घरची माणसं विचारायला आली, आमच्याकडे येशील का? त्या एका मिनिटातून हा सगळा धंदा उभा राहिला.

त्या लग्नाचा एक फोटो अजून बैठकीच्या भिंतीवर होता. त्यात काकू फुलांचा गुच्छ घेऊन एकट्याच उभ्या होत्या आणि मागे टेबलाखालून एक पाठ दिसत होती. पाहुण्यांना काकू तो हौसेने दाखवायच्या. “ही मी. आणि ही पाठ आहे ना, ते आमचे हे.” पाहुणे हसायचे, काकाही हसायचे. आता मात्र त्या फोटोसमोरून जाताना ते मान खाली घालायचे. ते गाणं ऐकायचंसुद्धा नको, इतकं हिला लागलं होतं आणि आपल्याला एकतीस वर्षांत एकदाही कळलं नाही, असं त्यांना वाटत राहिलं.

समारंभाचा दिवस उजाडला. दुपारी चारला हॉल भरला. काका नवा कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते. हाताचं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. आजवर हात बटणांवर असायचे, आता एक हात शेजारी बसलेल्या जावयाच्या आजीच्या खुर्चीवर आणि दुसरा स्वतःच्या गुडघ्यावर ठेवून पाहिला. तरी बोटं ताल धरतच होती. डीजेबाईचं काम मात्र फक्कड चाललं होतं. मोठ्यांसाठी जुनी गाणी, मग थोडी जोराची, पोरंसोरं दमली की पुन्हा संथ. जावयाची आजी मान डोलवत होती. स्टेजवर मुलगी इतकी सुंदर दिसत होती की काकांनी तीनदा चष्मा पुसला. समारंभ पुढून असा दिसतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

आणि तेवढ्यात डावा स्पीकर घुरघुरला.

अगदी बारीक आवाज. दोनशे माणसांत तो एकट्या काकांना ऐकू आला असेल. कुणीतरी दिव्याची वायर सरकवून आवाजाच्या वायरला चिकटवली होती, दुसरं काही नाही. पायाने चार बोटं बाजूला केली की काम झालं. काकांनी दुसरीकडे लक्ष देऊन पाहिलं. आजीबाईंशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ते उठले.

स्टेजवरून मुलीने डोळे वटारले. काकांनी अंगठा ओठांकडे नेऊन ‘पाणी प्यायला जातोय’ अशी खूण केली आणि पाण्याच्या बरोबर उलट दिशेला निघाले.

निम्म्या वाटेवर असताना गाणं बदललं. सुरुवातीचं संगीत नाही, मुखडा नाही, एकदम मधूनच एक ओळ सुरू झाली आणि काकांचे पाय जागच्या जागी थिजले. ज्या ओळीवर कॅसेट अडकली होती, तिच्या पुढची ही ओळ!

घात झाला, त्यांना वाटलं. नेमकं नको तेच गाणं लागलंय, तेही अर्ध्यातून. ते जवळजवळ धावतच टेबलापाशी पोचले. “बंद करा, बंद करा! हेच ते! हेच वाजवायचं नव्हतं!”

डीजेबाई जराही गडबडली नाही. तिने पर्समधून ती चिठ्ठी काढली आणि टेबलावरून पुढे केली. “काकूंनी सांगून ठेवलंय, तुम्ही टेबलापर्यंत आलात तरच ही दाखवायची. येणारच म्हणाल्या होत्या.”

पुस्तकांच्या पाठीवर क्रमांक घालणारं ते टपोरं अक्षर काकांना लांबूनही ओळखता आलं असतं. वर गाण्याचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं: ‘या गाण्याचा पहिला अर्धा भाग वाजवू नये. तो माझा ऐकून झाला आहे. राहिलेला लावावा.’

काकांनी ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. वायर त्यांच्या बुटापासून हातभर अंतरावर होती आणि डावा स्पीकर घुरघुरतच होता. त्यांनी एकदा वायरकडे पाहिलं. मग चिठ्ठी घडी करून वरच्या खिशात ठेवली आणि मागे वळले.

हॉलच्या मध्ये मोकळ्या जागेत काकू उभ्या होत्या. एकट्या.

“आलात?” त्या म्हणाल्या. “वरातीमागून घोडं.”

“एक मिनिट म्हणालो होतो,” काका म्हणाले. त्यांचा आवाज फाटला.

“हो ना. मोजत होते मी.”

काकांनी त्यांचा हात हातात घेतला. दुसरा हात कुठे ठेवायचा ते काकूंनी दाखवलं. हजारभर जोडप्यांना नाचवलेल्या माणसाला साधं पाऊल टाकता येईना. दोनदा ते काकूंच्या पायावर उभे राहिले.

“फरशी फार गुळगुळीत आहे गं.”

“हो, नाचता येईना अंगण वाकडं!”

स्टेजवरून मुलीने दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की जावयाची आजी दचकून जागी झाली. फोटोग्राफर धावत आला. “काका, चेहरा इकडे करा!” आणि काकांनी चेहरा कॅमेऱ्याकडे केला. लोक टाळ्या वाजवत होते. गाणं अर्धंच राहिलेलं, फार फार तर दोन मिनिटांचं. शेवटचं कडवं सुरू झालं, हे काकांना पहिल्या शब्दालाच कळलं. त्यांनी काकूंचा हात जरा घट्ट धरला.

“अहो,” काकूंनी मान तिरकी करून विचारलं, “डावीकडून काही घुरघुरतंय का?”

“छे,” काका म्हणाले. “मला नाही येत ऐकू.”

आवाजाच्या बाबतीत ते आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलले होते. काकूंना ते कळलं, पण त्यांनी पाऊल चुकवलं नाही.